स्टीलला माहेर काढावं लागतं

अनसूयाआक्का रासने यांच्या टोमण्यानं स्टीलच्या भांड्यावर नाव उमटतं, आणि मेण लावायचं राहिलं तर भांड्याला भोक पडतं. वडजल गावात ही गोष्ट एकतीस वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिचं कुणाला नवल वाटत नाही. दुसऱ्या गावांत भांड्यावर नाव घालायला विजेची पेन्सिल वापरतात. तिची अक्षरं चार दिवाळ्या गेल्या की पुसट होतात, मग लग्नघरात कुणाचं पातेलं कुणाकडे जातं आणि वर्षभर दोन घरांचं बोलणं बंद होतं. आक्कांच्या टोमण्याचं नाव काथ्यानं घासा नाहीतर राखेनं घासा, जात नाही. म्हणून आसपासच्या वीस गावांतली लग्नाची भांडी नाव घालायला रासन्यांच्या कालिका भांडी भांडारातच येतात.

कामाची रीत साधी आहे. ताटाच्या कडेला पातळ मेण लावायचं. मेण थिजलं की दाभणानं त्यात नाव कोरायचं, म्हणजे तेवढ्या रेघांपुरतं स्टील उघडं पडतं. मग ताट दुकानाच्या फळीवर ठेवायचं. फळीच्या अलीकडे आक्का बसतात, पलीकडे त्यांच्या वहिनी मालनबाई. आक्का ताटावरून वहिनींना टोमणा मारतात. टोमणा मेणाला काही करत नाही, उघड्या स्टीलला तेवढा खातो. दहा मोजायचे, ताट पाण्यातून काढायचं, गरम फडक्यानं मेण पुसून टाकायचं. 'चि. सौ. कां. रोहिणी हिच्या विवाहाप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम भेट' एवढं सगळं एका टोमण्यात बसतं.

धातूप्रमाणे टोमणा बदलावा लागतो, हे मात्र हळूहळू कळलं. ॲल्युमिनियमला नुसतं 'होय का?' पुरतं. पितळेला स्वयंपाकावर बोललं की भागतं. "वैनी, चहा छान झालाय हो, मला गरम पाणीच प्यायचं होतं," एवढ्यात पितळेचा तांब्या निघतो. स्टील चिवट. स्टीलला माहेर काढावं लागतं. "तुमच्या माहेरची माणसं वेळेची पक्की हो वैनी, पंगत मांडली की दारात हजर," असं काहीतरी म्हटल्याशिवाय स्टीलवर ओरखडासुद्धा उठत नाही.

हे सुरू झालं दत्तूअण्णांच्या हयातीत. अण्णा म्हणजे आक्कांचे थोरले भाऊ आणि मालनबाईंचे यजमान. ऐन वैशाखात, लग्नाची एक्कावन्न ताटं नाव घालायची पडलेली असताना, विजेची पेन्सिल जळाली. सगळे डोक्याला हात लावून बसलेले. त्यात मालनबाईंनी आणलेल्या पोह्यांत मीठ नव्हतं. "मीठ माहेरीच राहिलं वाटतं वैनी," आक्का बोलून गेल्या, आणि दोघींच्या मध्ये ठेवलेल्या ताटाला बोट जाईल एवढं भोक पडलं. अण्णा हाडाचे कासार. त्यांनी ना बहिणीला दटावलं ना बायकोची समजूत काढली. ताट उजेडात धरून भोकाची कड बघितली आणि म्हणाले, "कड स्वच्छ आलीय. मेण आणा."

आता टोमणा मारणं हे अर्धंच काम. समोर बसून तो घ्यायला माणूस लागतो. मालनबाईंच्या कानातल्या कुड्यांचे दांडे पहिल्याच वर्षी खाल्ले गेले. तेव्हापासून त्या कामाला बसताना अंगावर धातू ठेवत नाहीत. काच, लाकूड, चिनी माती यांना टोमणा बाधत नाही म्हणून हातात काचेच्याच बांगड्या. बसण्याआधी कानाच्या पाळ्यांना खोबरेल तेल लावायचं, पदर नीट घ्यायचा, आणि टोमणा संपला की शांतपणे म्हणायचं, "मोजा वन्सं." वन्सं म्हणजे नणंद. मग दोघी मिळून दहा मोजायच्या. एकतीस वर्षांत मालनबाईंनी उलट उत्तर म्हणून दिलं नाही.

त्यामुळे आक्कांची पक्की समजूत होती की वहिनींना काही लागतच नाही. शेजारणींना त्या तसं सांगतही. "आमची वैनी म्हणजे बरणी हो. काही घाला, डाग पडायचा नाही."

बरणीवरून आठवलं. आठ-नऊ वर्षांपूर्वी आक्का माळ्यावरचं लोणचं काढायला गेल्या. पुढच्या बरण्या सोडून त्यांनी मागच्या एकीच्या फडक्याची गाठ न सोडता कडेच्या फटीतून स्टीलचा चमचा आत घातला. वर आला तो नुसता दांडा. "अगं बाई! लोणचं घातलंय का चमचा मुरवलाय?" त्या माळ्यावरूनच ओरडल्या. मालनबाईंनी बरणी घेतली, फडकं घट्ट केलं आणि जागेवर ठेवली. ते लोणचं पुढे महिनाभर आक्कांना पुरलं. वहिनींच्या आईनं मुलीला मीठ-मोहरीचं प्रमाण सांगायच्या आत तिची पाठवणी कशी केली, या एका विषयावर एकवीस ताटं आणि दोन घागरी निघाल्या.

खुद्द आक्का एकविसाव्या वर्षी माहेरी परत आल्या होत्या. लग्नाला चौदा महिने झाले होते. सासरचे न्यायला येतील म्हणून त्यांची ट्रंक वर्षभर दारामागे भरलेली होती. कुणी आलं नाही. त्या ट्रंकेत आता मेण आणि दाभणं ठेवतात. यावर घरात कधी कुणी अवाक्षर काढलं नाही.

अण्णा जाऊन आठ वर्षं झाली. दुकान दोघींनी चालवलं. आणि या वर्षी, संक्रांत उलटल्यावर, मालनबाईंच्या मुलाचा, रत्नाकरचा, वडोदऱ्याहून फोन आला.

"आई, तुझी खोली तयार आहे. देवघरसुद्धा करून घेतलंय. आता पुरे झालं. तिथं बसून आत्याची बोलणी किती दिवस खाणार आहेस?"

मालनबाई म्हणाल्या, "बरं. येते."

"कायमची ये."

"बरं."

आक्का फळीशी मेण वितळवत होत्या. वहिनी जाणार हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. भिंत उठून जाईल असं कुणाच्या डोक्यात येतं का? 'वैनी, जाऊ नका' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "जा की! तुमच्या हातच्या पोळ्या खायला तिकडं नवी माणसं तरी मिळतील. इथली आता दात गमावून बसलीत."

फळीवरच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचं झाकण आरपार गेलं.

"मोजा वन्सं," मालनबाई सवयीनं म्हणाल्या. मग झाकणाकडे बघून, "याला मेण नव्हतं हो," एवढं बोलून आत गेल्या.

आक्कांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यांनी नंतरही दोनतीनदा प्रयत्न केला. देवापुढे उभं राहून 'राहा' हा शब्द पाठ केला. पण वहिनी समोर आल्या की त्याच्या पुढेमागे काहीतरी चिकटायचं. एकतीस वर्षांचं वळण ते. तिकीट अठरा तारखेचं निघालं.

त्यातच पंधरा तारखेला परवान्याची तपासणी होती.

परवान्याची हकिकत अशी. पूर्वी टोमण्यांबद्दल कुणाची तक्रार असली तर ती पोलिसात जायची आणि पोलिस ती ऐकून घेऊन चहा पाजायचे. मग जिल्ह्याच्या दाहक पदार्थ निरीक्षण कार्यालयात इंग्रजी नियमावलीचं मराठी करायचं काम निघालं. तिथल्या भाषांतराच्या कारकुनाला पहिल्याच कलमात 'कॉस्टिक' हे विशेषण भेटलं. त्यानं शब्दकोश काढला. कातडी सोलणाऱ्या सोड्यालाही तेच विशेषण आणि झोंबणाऱ्या बोलण्यालाही तेच. कारकून इमानी माणूस. त्यानं वरती पत्र लिहून विचारलं, यातलं कुठलं धरायचं? तीन महिन्यांनी एका शब्दाचं उत्तर आलं: 'दोन्ही'. तेव्हापासून टोमणे त्या कार्यालयाकडे आहेत. आक्कांना याचं काही वाटलं नाही. "साहेब लोकांच्याही घरात नणंदा असतीलच की," त्या म्हणाल्या.

निरीक्षक मिराशी दर वर्षी यायचे. बारीक अंगाचे, बोलायला मऊ, हातात एक नोंदवही आणि रंग बदलणाऱ्या पिवळ्या कागदाच्या पट्ट्यांची पुडी. त्यांचा अर्ज मूळचा रसायनांसाठी छापलेला. त्यात 'पदार्थाचे नाव' समोर अनसूया, 'स्थिती: घन, द्रव की वायू' समोर मिराशींच्या अक्षरात 'बोली', आणि 'वास' समोर 'खोबरेल तेलाचा, पण तो समोरून येतो' असं होतं. 'अंगावर पडल्यास काय करावे' हा रकाना मालनबाईंनी पहिल्या वर्षीच भरून दिला होता: 'ऐकलं नाही असं करावं.'

फक्त त्याच अर्जात 'सोसणारी व्यक्ती' अशीही एक ओळ होती, आणि ती व्यक्ती अठरा तारखेला वडोदऱ्याला निघाली होती. दुसरं कुणी नेमल्याशिवाय परवाना पुढं जाणार नव्हता.

आक्कांनी माणसं बघितली नाहीत असं नाही. शेजारच्या सरूबाईला बसवलं. आक्का तिच्या स्वयंपाकावर बोलल्या, तर ती पदर डोळ्याला लावून घरी गेली आणि तांब्या होता तसाच. दुसऱ्या दिवशी चुलत सुनेला बसवलं. तिनं टोमणा पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं, दोन्ही बोलणी ताटावर एकमेकींना भिडली आणि नुसता फेस आला. तिसरी एक बाई चार गावं पलीकडून बोलावली. चिवट होती बिचारी, पण तिच्या माहेरचं आक्कांना काही ठाऊकच नव्हतं. ओळखीशिवाय टोमणा लागत नाही. ताट कोरडं ठणठणीत राहिलं.

पंधरा तारखेला मिराशी सकाळी दहाला आले. आत मालनबाईंची पेटी भरून तयार होती. वर एक नवा स्टीलचा डबा होता, प्रवासात लाडू न्यायला. त्या डब्याला आक्कांनी आदल्या दिवशी मेण लावलं होतं आणि दाभणानं स्वतः नाव कोरलं होतं: 'मालन दत्तात्रय रासने, वडजल.' 'वडजल' हा शब्द त्यांनी जरा मोठा काढला होता.

"याच्यावरच तपासणी करू," मिराशी म्हणाले. "सोसणाऱ्या व्यक्तीचं काय ठरलं ते नंतर बघू. आधी ताकद मोजतो."

मालनबाईंनी पाळ्यांना तेल लावलं आणि समोर येऊन बसल्या. मिराशींनी पट्टी डब्याच्या कडेला धरली. आक्कांनी पदर खोचला, घसा साफ केला.

"वैनी," त्या म्हणाल्या. आणि थांबल्या.

मिराशी वाट बघत राहिले. मालनबाई वाट बघत राहिल्या. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलला स्टँड लावलं.

"वैनी, जाऊ नका."

एवढंच आलं. पुढं काही नाही, मागं काही नाही. आक्का स्वतःच दचकल्या.

मिराशींनी पट्टी उजेडात धरली, उलटी केली, नाकाशी नेली. "रंग बदलला नाही," ते म्हणाले. "हे साधं पाणी आहे, आक्का."

"तसंच असेल."

"पुन्हा एकदा करा. स्टील आहे, माहेर काढा."

आक्कांनी माहेर काढलं. "माहेर चांगलं आहे हो त्यांचं," त्या म्हणाल्या. "अण्णा गेले तेव्हा तेरा दिवस एक माणूस इथनं हललं नाही. त्यांच्या भावानं सगळ्यांची उष्टी काढली. मी तेव्हाही बोलले त्यांना. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं." आणि त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, पदर न घेता, बाजारात हरवलेलं पोर रडतं तशा.

दुसरी पट्टी भिजली, पण रंग तोच. मिराशींनी नोंदवहीत 'दाहकता: शून्य' असं लिहिलं. लिहिताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं. "माझा नाइलाज आहे," ते म्हणाले. "पदार्थच राहिला नाही, तर परवाना कशाचा देऊ?"

"राहू दे परवाना," आक्का म्हणाल्या. "मला परवाना नकोच आहे."

मालनबाई अजून तिथंच बसल्या होत्या. काचेच्या बांगड्या मागे सारून त्यांनी हात फळीवर ठेवले होते. डब्यावरचं मेण, त्यातलं आपलं नाव, आणि ते जरा मोठं काढलेलं 'वडजल' त्यांनी नीट वाचलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या अर्जाच्या पाठीमागं 'न कळवलेला साठा' असं एक कलम आहे ना?"

मिराशींनी मान वर केली. "आहे. सतरावं. तुम्हाला कसं माहीत?"

"दर वर्षी तुम्ही अर्ज फळीवर उपडा ठेवता. दहा मोजता मोजता वाचते मी. या आत."

दुकानामागेच घर. मालनबाईंनी स्टूल घेतलं, माळ्यावरच्या लोणच्याच्या बरण्या बाजूला केल्या आणि मागच्या एकेक करून खाली दिल्या. मिराशींनी त्या ओट्यावर मांडल्या. चिनी मातीच्या अकरा बरण्या, दहा बारक्या आणि एक मोठी. प्रत्येकीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं आणि गळ्यात कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख आणि विषय: 'चहा.' 'पुरणपोळी.' 'आईचं लोणचं.' 'भावाची गाडी चुकली तेव्हा.'

आक्का दारात उभ्या होत्या. चमच्याचा दांडा त्यांच्या डोळ्यापुढे आला.

"हे काय आहे वैनी?"

"उत्तरं आहेत," मालनबाई म्हणाल्या. "तोंडावर आलेली. समोर बोलले असते तर काम फिसकटलं असतं, चुलत सुनेच्या वेळी आला तसा फेस आला असता. मग घरात येऊन बरणीत बोलायची आणि फडकं बांधायची."

"म्हणजे लागत होतं तुम्हाला?"

"लागायचं की. माणूस आहे मी."

मिराशींनी दुकानातला डबा आणून ओट्यावर ठेवला आणि सर्वांत जुन्या बरणीकडे बोट केलं. "नमुना घ्यावा लागेल."

"घ्या. ती पोह्यांची."

मिराशींनी बरणी डब्यावर धरून फडक्याची गाठ सोडली. आतून मालनबाईंचा आवाज आला, एकतीस वर्षांपूर्वीचा, कोवळा आणि जरा थरथरता: "मीठ माहेरीच राहिलं, हे खरं आहे वन्सं. तिथं ते स्वयंपाकात घालतात. जखमेवर नाही."

मिराशींच्या हातातली पट्टी निळी झाली, मग गर्द निळी, मग काळी. डब्यावर 'मालन दत्तात्रय रासने, वडजल' असं नाव उमटलं. कानामात्रेसकट. त्यांनी दुसरी पट्टी लावून खात्री केली आणि नोंदवहीत आकडा लिहिला. असा आकडा त्यांनी जिल्ह्यात पूर्वी कधी लिहिला नव्हता.

"ताकद जराही उतरलेली नाही," ते म्हणाले. "चिनी मातीत उतरत नाही म्हणतात ते खरं. आता कलम सांगतो. दाहक माल एसटीतून किंवा रेल्वेतून नेता येत नाही. तेव्हा दोन मार्ग आहेत. आम्ही बरण्या कार्यालयात नेतो, मोकळ्या माळावर उघडतो, साठा नष्ट झाला असं लिहितो. तुम्ही अठराला वडोदऱ्याला जायला मोकळ्या. नाहीतर साठा इथंच ठेवून वापरायचा. मग परवाना तुमच्या नावानं निघेल."

"दहा बरण्या वापरायच्या म्हणून लिहा," मालनबाई म्हणाल्या.

"आणि ही मोठी?"

मालनबाईंनी मोठी बरणी आपल्याकडे ओढून घेतली. तिला एकावर एक दोन फडकी होती. चिठ्ठीवर फक्त तारीख होती, विषय नव्हता.

"ही वापरायची नाही."

"मग नष्ट करू."

"नष्ट करायला उघडावी लागेल ना?"

"लागेल."

"मग नाही. उघडायचीच नाही ही."

"काय आहे त्यात?" मिराशींनी विचारलं. रकाना भरायचा होता.

मालनबाईंनी आक्कांकडे बघितलं. "वन्संच्या सासरचं आहे," त्या म्हणाल्या. "त्या एकदा फार बोलल्या मला, माझी आई आजारी असताना. त्या दिवशी तोंडावर आलं होतं. ताटाला मेण लावता येतं साहेब, माणसाला कुठं लावणार? भोक पडलं असतं."

आक्कांनी दारामागच्या जागेकडे बघितलं, जिथं पूर्वी ट्रंक असायची.

मिराशींनी कलम पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. "वापरायचा नाही आणि नष्टही करायचा नाही, असा साठा असेल तर साठा करणाऱ्यानं स्वतः त्या जागी राहून तो सांभाळायचा असतो. तो आहे तोवर जागा सोडता येत नाही. नीट विचार करा मालनबाई. बरणी जाड आहे. ही काही फुटायची नाही."

"फुटायची नाहीच. माझ्या आईनं दिलीय."

"म्हणजे मग कायमचं."

"लिहा," मालनबाई म्हणाल्या.

मिराशींनी लिहिलं. मालनबाईंनी सही केली आणि मोठी बरणी उचलून माळ्यावर, अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवली. दुपारी त्यांनी वडोदऱ्याला फोन लावला. रत्नाकर थोडा चिडला, पण सरकारी काम आहे म्हटल्यावर गप्प झाला. दिवाळीला आम्हीच येतो म्हणाला.

नवीन परवाना फाल्गुनात आला. परवानाधारक मालन रासने. सोसणारी व्यक्ती अनसूया रासने. 'अंगावर पडल्यास काय करावे' हा रकाना या वेळी आक्कांना भरायचा होता. त्या बराच वेळ पेन धरून बसल्या. शेवटी त्यांनी लिहिलं: 'तेल लावावं व दहा मोजावेत.'

पहिलं काम पाटणे गुरुजींच्या मुलीच्या लग्नाचं होतं, पंचवीस ताटं. आक्कांनी कानातल्या रिंगा काढून ट्रंकेत ठेवल्या. वहिनींच्या वाटीतलं खोबरेल घेऊन पाळ्यांना लावलं. जागा बदलून फळीच्या पलीकडे बसल्या. तिकडून दुकान जरा वेगळं दिसत होतं. उजेड सरळ डोळ्यावर येत होता. 'एवढी वर्षं वैनी या उजेडात बसत होत्या होय,' त्यांच्या मनात आलं.

मालनबाईंनी मेण लावलेलं पहिलं ताट मध्ये ठेवलं. माळ्यावरची बरणी काढायची का, असं आक्कांनी विचारलं. मालनबाई नको म्हणाल्या. ताजंच बघू या.

त्यांनी घसा साफ केला. ताट स्टीलचं होतं.

"तुमच्या माहेरची माणसं मोठी घाईची हो वन्सं," त्या म्हणाल्या. "एका बाईला 'जाऊ नका' म्हणायला एकतीस वर्षं लागली त्यांना."

ताटावर बारीक चुरचुर झाली. आक्कांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि डोळ्यांत पाणी आलं.

"मोजा वन्सं," मालनबाई म्हणाल्या.

आक्कांनी दहा मोजले.